जगाचा बर्फ आणि दुपारचा एक तास

४ जानेवारी, सकाळी ९.१०
नवीन वही सुरू. दोनशे पानी, आखीव. आजपासून जगातल्या एकूण समुद्री बर्फाची रोज नोंद ठेवायची. उत्तर ध्रुव अधिक दक्षिण ध्रुव, खाली बेरीज. आकडा रोज सकाळी इंटरनेटवर फुकट मिळतो, हे किती जणांना ठाऊक आहे? आमच्या बिल्डिंगमध्ये एकालाही नाही. लिफ्टमध्ये विचारून पाहिलं.

आजचा आकडा: १ कोटी ८४ लाख चौ. किमी.

रिटायर होऊन चार महिने झाले. पाणी खात्यात तेहतीस वर्षं मोठ्या टाकीची पातळी रोज सकाळी सात वाजता मी रजिस्टरला घातली. पातळी घसरली की लाल शाईने शेरा मारून कागद वर पाठवायचो आणि दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा जागेवर. एकदाही चुकलं नाही. हा अनुभव वाया जाऊ देणं बरोबर नाही.

हिचं म्हणणं, नोंदच ठेवायची तर रोज दूध किती येतं त्याची ठेवा. दृष्टी छोटी असली की असं होतं.

९ जानेवारी
घसरण. पाच दिवसांत चार लाख. हॉलमध्ये ग्राफ पेपर चिकटवला. निळी रेघ, खाली उतरणारी. हिला ती भिंत कॅलेंडरसाठी हवी होती. तारखा माझ्या ग्राफवरही आहेत, हे दाखवून दिलं.

२८ जानेवारी
बारा दिवसांच्या नोंदी राहिल्या. कारण: सर्दी. शिवाय चष्म्याचा स्क्रू. सगळे आकडे आज एकदम भरले. ह्यापुढे एकही दिवस चुकणार नाही.

घसरण चालूच.

ह्या घसरणीच्या मागे काय आहे ह्याचा विचार करत बाथरूमकडे जाताना गुडघा डीप फ्रीझरवर आपटला. हा फ्रीझर बंद पडलेल्या एका दुकानातून हिने गेल्या वर्षी आणला आणि पॅसेजमध्ये ठेवला. ही घरी आइस्क्रीम करून कपांतून विकते. बिल्डिंगमधले लोक नेतात, दोन ऑफिसं नेतात. लोक चवीचं कौतुक करतात ते ठीक आहे. पण तिकडे खरा बर्फ वितळतोय आणि आमच्या पॅसेजमध्ये खोटा बर्फ बनवायला चोवीस तास यंत्र घुरघुरतंय. गुडघा चोळताना हे प्रथमच लक्षात आलं.

११ फेब्रुवारी
१ कोटी ६४ लाख. आता गप्प बसण्यात अर्थ नाही. आकडे प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेला ईमेल केला. शेरा लाल अक्षरांत. दोन मिनिटांत उत्तर: आपला संदेश मिळाला. इतक्या तत्परतेने पाणी खात्याने मला कधी उत्तर दिलं नव्हतं. प्रिंट काढून फाइलला लावला.

१४ फेब्रुवारी
ईमेलचा परिणाम शून्य.

२१ फेब्रुवारी, दुपारी २.०५
१ कोटी ६१ लाख. आता कागदी घोडे पुरे. कृती.

ही दुपारी दोन ते तीन झोपते. तेवढा तास फ्रीझरचं बटण बंद ठेवायचं. रोज. कुणाला सांगायचं नाही, कारण चांगल्या कामाची जाहिरात नसावी आणि ही ऐकणार नाही. निरीक्षणासाठी दर दहा मिनिटांनी झाकण उघडून आत थर्मामीटर धरणार.

बंद केला. घरात इतकी शांतता किती दिवसांनी आली.

२४ फेब्रुवारी
वाढ!

अकरा हजार चौ. किमी. आकडा तीनदा पाहिला. चष्मा पुसून पाहिला. वाढच. हा योगायोग आहे असं म्हणायला मी उद्यापर्यंत मुदत देतो.

२५ फेब्रुवारी
पुन्हा वाढ. मुदत संपली.

९ मार्च
सलग वाढ. ग्राफवर आता निळ्या रेघेखाली एक लाल रेघही काढतो: रोज फ्रीझर किती वेळ बंद. एकही दिवस खाडा नाही. लाल रेघ सरळ, निळी चढती. ज्याला डोळे आहेत त्याने पाहावं. ही पाहते, पण लाल रेघ कसली ते विचारत नाही. तिला वाटतं समास आखलाय.

२ एप्रिल
वरच्या मजल्यावरच्या बाई (शाळेत भूगोल शिकवायच्या, आता रिटायर) आइस्क्रीमचा कप परत द्यायला आल्या. म्हणाल्या, चव तीच आहे, पण ह्या वेळी दाताखाली बर्फाचे खडे आले.

संध्याकाळी तिने दूध बदलायचं ठरवलं. मी पाठिंबा दिला.

१९ एप्रिल
दूध बदलून खडे गेले नाहीत. साखर कमी-जास्त केली, मिश्रण दोनदा घोटलं. तरी खडे. एका ऑफिसने ऑर्डर थांबवली. मी म्हटलं, लोकांची आवड बदलते.

बर्फ: १ कोटी ९३ लाख. मन भरून आलं.

२६ एप्रिल
फ्रीझरचा मेकॅनिक आला. माणूस बरा आहे पण हिच्या हातचं आइस्क्रीम खाऊन खाऊन तिच्या बाजूचा झालाय. गॅस तपासला, रबर तपासलं, कंप्रेसरला कान लावून पाच मिनिटं बसला. म्हणाला, काकू, मशीन ठणठणीत आहे, व्होल्टेजचा दोष असेल, स्टॅबिलायझर बसवा.

बसवला. आता मला दोन बटणं बंद करावी लागतात. विज्ञानात अडथळे येणारच.

३० मे
मेकॅनिक पुन्हा. काही सापडलं नाही. जाताना डोकं खाजवत म्हणाला, असं वाटतं की मध्येच कोणीतरी बंद करतंय. मी त्याला चहाचा आग्रह केला. तो थांबला नाही, हे बरं झालं.

१२ जून
आज ही झोपलीच नाही. दोन वाजता ओट्यापाशी उभी राहून दोन चमच्यांत दोन प्रकार घेऊन मला चव बघायला लावली. नीट सांगा, म्हणाली, मनात काही ठेवू नका. मी म्हटलं, छान आहे. तिने दोन्ही चमचे धुऊन ठेवले.

ह्या सगळ्यात अडीच वाजले. फ्रीझर फक्त वीस मिनिटं बंद ठेवता आला. उद्या भरून काढणार.

७ जुलै
किंचित घट. कारण स्वच्छ आहे: लेक आठवडाभर राहायला आली आहे आणि ती दुपारी झोपत नाही. काल मला पॅसेजमध्ये वाकलेला पाहून विचारलं, बाबा, तिथे काय करताय? मी म्हटलं, कमरेचा व्यायाम. मग दहा मिनिटं खरोखर करावा लागला.

लेक आईला म्हणाली की दमत असशील तर सोडून दे, कुणी जबरदस्ती केलेली नाही. ही म्हणाली, बघू. ही सहसा बघू म्हणत नाही.

१६ जुलै
लेक गेली. प्रयोग पूर्ववत. कंबर दुखते.

२३ ऑगस्ट
मोठी बातमी. लायब्ररीच्या ग्रंथपाल बाईंनी बोलावलं होतं. लायब्ररीला १३ डिसेंबरला पन्नास वर्षं होतात. त्या दिवशी संध्याकाळी एका स्थानिक अभ्यासकाचं व्याख्यान ठेवायचं आहे. मी म्हटलं, विषय: जागतिक समुद्री बर्फ, माझी वर्षभराची निरीक्षणं. त्या म्हणाल्या, अर्ध्या तासात आटपेल ना? म्हटलं, प्रस्तावना आटपेल. शेवटी त्यांनी होकार दिला. त्यांना दुसरं कुणी मिळालं नव्हतं, असं शिपाई म्हणाला. शिपायांना काय कळतं.

व्याख्यानानंतर आइस्क्रीम. ऑर्डर हिला. एकशे ऐंशी कप. हे मी सुचवलेलं नाही, ग्रंथपाल बाईंनी पूर्वी कधीतरी खाल्लं होतं म्हणे.

हिने ऑर्डर घ्यायला दोन दिवस लावले. घेतल्यावर मला म्हणाली, “ही शेवटची संधी. ह्या वेळी खडे आले तर फ्रीझर विकायचा आणि हे सगळं बंद.”

मी होकारार्थी मान हलवली. फ्रीझर विकला तर जगाच्या बर्फाच्या दृष्टीने उत्तमच. पण लाल रेघ तुटेल. ह्यावर विचार करायला हवा.

३० सप्टेंबर
व्याख्यानाची तयारी. पहिली पाच मिनिटं टाकीवर. मग ध्रुवांवर. शेवटी लाल रेघेचं रहस्य उघड करायचं. ही पहिल्या रांगेत असेल. तिच्याच घरातून, तिच्याच फ्रीझरमधून हे काम झालं, हे सगळ्यांसमोर कळेल तेव्हा तिला काय वाटेल ह्याची कल्पना करतो आहे. त्या क्षणी थोडं थांबावं लागेल, टाळ्यांसाठी.

८ नोव्हेंबर
२ कोटी ४३ लाख. फेब्रुवारीपासून ब्याऐंशी लाख चौ. किमी.ची भर. एका माणसाने, एका बटणावर. बरं, दोन बटणांवर.

लोक विचारतील, दिवसाला एकच तास का? सांगेन: अति करू नये.

१५ नोव्हेंबर
घसरण. सात दिवसांत सहा लाख. थर्मामीटर बदलला. घसरण थांबली नाही.

२० नोव्हेंबर
घसरण दिवसाला लाखाच्या वर. जिन्यात वरच्या बाई भेटल्या. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, अहो, आता दक्षिणेत उन्हाळा लागला. तिकडचा बर्फ भराभर जाणार आणि इकडे उत्तरेत गोठतो तो तितका पुरत नाही. दरवर्षी असंच होतं. फेब्रुवारीच्या अखेरीला पुन्हा वाढायला लागेल.

मी ऐकून घेतलं. पुस्तकी ज्ञान असं असतं. फेब्रुवारीत तो का वाढतो, हे त्या सांगू शकल्या नाहीत. म्हणजे सांगत होत्या, पण मला दूध आणायचं होतं.

२२ नोव्हेंबर
निर्णय: दोन तास. ही दोन तास झोपत नाही, म्हणून रोज दुपारी तिला फिरायला पाठवणार. डॉक्टरांनी सांगितलंय असं सांगितलं. कोणत्या डॉक्टरांनी, असं तिने विचारलं. मी म्हटलं, एकूणच डॉक्टरांनी.

३ डिसेंबर
तीन तास. तरी घसरण. व्याख्यानाला दहा दिवस आणि निळी रेघ धरण फुटल्यासारखी खाली. ह्या ग्राफसकट लोकांसमोर उभं कसं राहायचं?

ही मात्र कामाला लागली आहे. सहा दिवस रात्रीचं जेवण लवकर, मग घोटणं, गाळणं, पुन्हा घोटणं. कपांची चळत ओट्यावर. फार बोलत नाही. काल मला म्हणाली, फ्रीझरचं झाकण ह्या आठवड्यात कुणीही उघडायचं नाही. माझ्याकडेच का पाहिलं कळलं नाही. घरात आम्ही दोघंच आहोत हे एक कारण असू शकतं.

१२ डिसेंबर
२ कोटी ९ लाख. एकशे ऐंशी कप भरून झाले. हिने एक जादा कप उघडून चव घेतली आणि डोळे मिटले. खडे नाहीत. चार दिवस ही घराबाहेर पडली नाही, दुपारी झोपलीही नाही, त्यामुळे फ्रीझर बंद करता आला नव्हता. हा संबंध मी नोंदवून ठेवतो, पण त्यातून घाईने निष्कर्ष काढणार नाही.

किती दिवसांनी ही गुणगुणत होती.

बर्फ मात्र चार दिवसांत चार लाखांनी कमी. हा संबंध स्पष्ट आहे.

१३ डिसेंबर, सकाळी ८.२०
ही ग्रंथपाल बाईंबरोबर हॉलची मांडणी करायला गेली. साडेचारला टेम्पो घेऊन येणार आणि कप नेणार. आता निर्वाणीचा उपाय. आत्ता बंद, एक वाजता चालू. पाच तास. आकडा उद्या सकाळी येईल, पण श्रोत्यांना निदान सांगता येईल की उपाय चालू आहे. एकशे ऐंशी कप घट्ट गोठलेले आहेत, पाच तासांत काही होत नाही. फ्रीझर म्हणजे शेवटी पेटीच.

दुपारी १२.१०
तीनदा निरीक्षण झालं. कप पट्टीने मोजून पाहिले, सगळे ताठ. व्याख्यानाची तालीम बाथरूमच्या आरशासमोर. टाकीच्या भागात आवाज जरा भरून येतो. तो तसाच ठेवावा.

दुपारी १.५०
ग्राफची मोठी नक्कल गुंडाळून घेतली. निघतो. काहीतरी विसरतोय असं वाटतंय. चष्मा घेतला.

१४ डिसेंबर
लिहायचं नव्हतं. पण तेहतीस वर्षं एकही नोंद चुकवलेली नाही. (जानेवारीतले बारा दिवस सोडून.)

बटण चालू करायचं राहिलं. शिवाय पट्टी आत राहिली होती, त्यामुळे झाकण दोन बोटं उघडं होतं. ही साडेचारला टेम्पो घेऊन घरी आली तेव्हा एकशे ऐंशी कपांत दूध होतं.

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. हॉल भरला होता. मेकॅनिक बायकोला घेऊन आला होता, वरच्या बाई दुसऱ्या रांगेत. पाच वाजता मी उभा राहिलो. टाकीचा भाग झाला. ध्रुवांचा झाला. त्या सुमारास ही मागच्या दाराने आली आणि शेवटच्या रांगेत बसली. हातात काही नाही. मला वाटलं, माझं ऐकायला मुद्दाम वेळेत आली. मन भरून आलं आणि मी दोन पानं गाळून सरळ शेवटाकडे गेलो.

मेकॅनिकने हात वर केला. म्हणाला, “काका, ही लाल रेघ कसली?”

ह्याच प्रश्नासाठी मी चार महिने थांबलो होतो. मी सांगितलं. सगळं सांगितलं. तारखा, तास, दोन बटणं, दर दहा मिनिटांनी झाकण. २१ फेब्रुवारी ते आजपर्यंत. मग टाळ्यांसाठी थांबलो.

कुणीही टाळी वाजवली नाही. मेकॅनिकने मागे वळून हिच्याकडे पाहिलं. मग हळूहळू सगळ्यांनीच पाहिलं. वरच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय, ते मला पोडियमवरून दिसलं नाही. ग्रंथपाल बाईंनी आभार मानले आणि आइस्क्रीमऐवजी बिस्किटं आहेत असं जाहीर केलं.

घरी आलो तर पॅसेजभर ओलं. ही फरशी पुसत होती. मी फडकं मागितलं, दिलं नाही. सगळं पुसून झाल्यावर भिंतीला टेकून बसली आणि शांतपणे म्हणाली, “आठ महिने मला वाटत होतं की माझा हात गेला.”

मी म्हणणार होतो की फेब्रुवारीपासून एकूण वाढ पाहिली तर. म्हटलं नाही. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला रिटायर होतानासुद्धा वाटलं नव्हतं.

१७ डिसेंबर
मेकॅनिक आणि तीन माणसं आली आणि फ्रीझर वरच्या बाईंच्या घरी नेला. त्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे. ही आता सकाळी वर जाते आणि दुपारी जेवायला खाली येते. जेवण व्यवस्थित मिळतं. बोलणं कामापुरतं.

पॅसेज मोकळा झाला. गुडघा आपटायची भीती गेली. तरी सवयीने मी तिथून अंग चोरूनच जातो.

३० डिसेंबर
१ कोटी ९० लाख. नोंद घेतली. शेरा नाही.

१९ जानेवारी
नोंद नाही.

६ फेब्रुवारी
वही सापडत नव्हती. सापडली. भिंतीवरचा ग्राफ काढला, तिथे कॅलेंडर लावलं. कॅलेंडरवर हिने तारखांना गोल केले आहेत. ऑर्डरी आहेत. बऱ्याच आहेत. लायब्ररीने पुन्हा दिली आहे, ह्या वेळी व्याख्यानाशिवाय.

२४ फेब्रुवारी, सकाळी ९.३०
वाढ.

नऊ हजार चौ. किमी. फ्रीझर वर आहे आणि चोवीस तास चालू आहे. मी बटणाला दोन महिन्यांत हात लावलेला नाही. ईमेल केलेला नाही. काहीच केलेलं नाही. वरच्या बाईंनी सांगितलं होतं त्याच आठवड्यात, आपलं आपण, वाढ.

टाकीबद्दल मी विचार करणार नाही.

संध्याकाळी ६
सांगायला कुणीतरी हवं होतं, म्हणून वर गेलो. डिसेंबरनंतर प्रथमच. ही कप भरत होती, वरच्या बाई झाकणं पुसत होत्या. मी दारातूनच सांगितलं की जगाचा बर्फ आजपासून वाढायला लागला.

ही मान वर न करता म्हणाली, “ह्या वेळी तुम्ही काय केलंत?”

“काही नाही.”

“मग तसंच चालू ठेवा.”

वरच्या बाईंना ठसका लागला. मी परत फिरत होतो, तेवढ्यात हिने पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. वर झाकणांचा ढीग आणि एक पेन. झाकणांवर तारीख घालायची असते, बाईंचं अक्षर वाचता येत नाही, म्हणाली. पेन लाल नव्हतं. मी बसलो. फ्रीझर कोपऱ्यात घुरघुरत होता. त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली आहे आणि स्टूल त्याच्यापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं लांब आहे.

मध्येच तिने एक चमचा पुढे केला. विचारलं काही नाही. मी खाल्लं. खडे नव्हते. तसं सांगितलं. नीट सांगितलं, मनात काही न ठेवता.

उद्याही पाच वाजता वर जायचं आहे. अक्षर सुवाच्य हवं, असं ती म्हणाली. माझं आहे.

आजची नोंद: झाकणं ४८. कालच्यापेक्षा वाढ: ४८.